वहीतले तीन शब्द

जयपुरात, सांगानेरच्या बसमध्ये जयंतीबाईंच्या मांडीवर नवऱ्याची फाइल होती. आता औषध नाही, फक्त शेवटची सेवा, असं डॉक्टर म्हणाले होते. मागे दोघी मराठीत बोलत होत्या.

“मुरलीपुऱ्याचं शुश्रूषागृह चकचकीत आहे गं, पण वीस माणसांमागे एकच नर्स.”

“आणि तुझी आई होती ते, प्रताप नगरचं?”

“तिथं चौघांमागे एक. आजारपणात आई हिंदी विसरली, तर सुगना सिस्टरनं वहीत मराठी शब्द उतरवून घेतले. तहान, कळ, कूस.”

“मारवाडी बाई मराठी बोलायची?”

“मोडकंतोडकं. दर दोन तासांनी यायची, ‘माँजी, कूस बदलू?’”

“मग तू काय करायचीस?”

“हात धरून बसायचे. शेवटचे बारा दिवस मी नुसती लेक होते.”

जयंतीबाई मागे वळल्या. “ताई, प्रताप नगरला कुठं उतरायचं?”