वाटीभर प्रेमिला

अपेक्षा : डोळे मिटा आई, आणि नाकापाशी श्वास येतोय-जातोय, तेवढंच बघा.

पंचफुला : डोळे मिटले तर पाहू कशानं वं? तुमच्या पुण्यात सासवा डोळे मिटून पाहत असतीन.

अपेक्षा : आतून बघायचं. मिहानच्या आयटी ऑफिसात पन्नास इंजिनीअरांना शिकवलंय मी हे.

पंचफुला : त्यायले काम नसन. मले उद्या लग्नाच्या दोनशे लांब रोट्या करायच्या हायेत.

अपेक्षा : म्हणून तर शिकवतेय. पंधरा दिवस झाले, रोटी तापल्या उलट्या मडक्यावर टाकायच्या आधी तुमच्या हातावरच फाटतेय. तीस वर्षांत कधी फाटली होती?

पंचफुला : पीठच खराब हाय.

रुपराव : तीन गिरण्या बदलल्या. मडके दोन बदलले. आता घरात मी एकटाच राहिलो बदलायचा.

पंचफुला : तुमी चूप राहा.

अपेक्षा : पीठ चांगलं आहे, मडकं चांगलं आहे. तुमचं मन जाग्यावर नाहीये.

पंचफुला : उद्या मांडवात बी फाटल्या तं? लोकं म्हणतीन, पंचफुलाचा हात गेला. मले तं रातभर त्याचंच भेव लागते वं.

अपेक्षा : मग ऐका. ही तुरीच्या दाण्यांची परात, ही रिकामी वाटी. श्वास बघायचा. मन भटकलं की जिथं गेलं त्याचं नाव घ्यायचं, एक दाणा वाटीत टाकायचा आणि परत श्वासावर यायचं. स्वतःवर चिडायचं नाही.

रुपराव : मी बी बसू का सूनबाई?

अपेक्षा : बसा ना बाबा. पाचच मिनिटं. सुरू.

पंचफुला : कुकर.

अपेक्षा : छान. टाका दाणा. परत या.

पंचफुला : प्रेमिला.

अपेक्षा : दाणा. श्वास.

पंचफुला : प्रेमिला. हा दाणा किडका हाय वं.

अपेक्षा : चालेल.

पंचफुला : चालेल काहून? वरणात जाईन ना.

अपेक्षा : आई, श्वास.

पंचफुला : प्रेमिला. प्रेमिला. सख्खी बहीण, आन पुतणीच्या, दिपालीच्या साखरपुड्यात सर्व्या पाव्हण्यायच्या समोर म्हणते, ‘पंचफुलाची रोटी आता जाड होऊन राहिली.’ जाड!

अपेक्षा : नुसतं नाव घ्यायचं. गोष्ट सांगायची नाही.

पंचफुला : ह्या जाडचे दोन दाणे टाकते.

अपेक्षा : जरा बाबांकडे बघा. किती स्थिर बसलेत! एकही दाणा नाही वाटीत.

पंचफुला : थे झोपले हायेत.

अपेक्षा : बाबा?

रुपराव : अं? नाही, नाही. श्वास पाहून राहिलो होतो.

पंचफुला : आमी बी ऐकून राहिलो होतो तुमचा श्वास.

अपेक्षा : झाली पाच मिनिटं. मोजूया. एकूण बेचाळीस. कुकर एक, नळ एक, बाबांचं घोरणं दोन. बाकी सगळ्या प्रेमिलामावशी.

रुपराव : वाटीभर प्रेमिला!

पंचफुला : म्हणजे मी नापास.

अपेक्षा : यात नापास-बिपास नसतं. मन कुठं जातं ते कळलं, एवढंच शिकायचं होतं.

पंचफुला : थे मले ठाऊकच होतं. रोटी हातावर पसरली का मी मान न वळवता म्हणते, ‘घे वं.’ आन मडक्यापाशी कोणीच नसते. तीस वर्षं शेकलेली रोटी प्रेमिलाच उचलून ठेवत होती ना, साखरपुड्यापासून बोलणं बंद हाय. मी तिकडे पाहत राहते, आन हातावरची फाटून जाते.

अपेक्षा : हे तुम्ही बोलला का नाहीत इतके दिवस?

पंचफुला : कोणाले बोलू? हे असं काही झालं तं बोलाले तीच तं होती. तुह्या त्या इंजिनीअरायले काय सांगतं तू असं झाल्यावर?

अपेक्षा : श्वासावर परत या, म्हणते.

पंचफुला : त्यायचा श्वास प्रेमिलासारखा तिकडे जरीपटक्याले राहत नसन.

रुपराव : हा घे फोन.

पंचफुला : मी काहून करू? चूक तिची हाय.

रुपराव : मंग नको करू. ठेवून देतो.

पंचफुला : आणा इकडे!

(फोन लावते.)

पंचफुला : हॅलो. मी बोलून राहिली... हो, जिवंत हाय... नाही वं, बिमार नाही कोणी. यायले काय होते, आत्ताच घोरून उठले... हो, होती जाड. त्या दिवशी होती, मान्य. पण घरी येऊन सांगाचं ना, चार लोकायत काहून?... तू रडून नको राहू, मले बी येते मंग... काही काम नाही म्हणून सांगून राहिली ना! इथे ध्यानाले बसली होती, अन् तू घडीघडी येऊन राहिली होती... म्हटलं, मंग येऊनच जाय.