गाडीचा पिकअप

नवी गाडी घेतली ना यार, तर मी निंबोल्याला सासऱ्यांना फोन केला. "मामा, गाडी छोटी आहे, स्वस्तातली आहे, पण पिकअप एकदम जबरदस्त!"

रविवारी आम्ही दोघं पोचलो, तर मामा केळीच्या घडांचा ढीग लावून उभे! "या जावईबापू. पिकअप मागून येतेय का? माल मंडीत टाकायचाय."

"मामा, पिकअप म्हणजे गाडीची ताकद हो!"

"ताकद आहे ना? मग भरा!"

डिक्की भरली, मागची सीट भरली, शेवटचा घड बायकोच्या मांडीवर आला. बुऱ्हाणपूरच्या पुलावर चढताना गाडी धापा टाकायला लागली. एक सायकलवाला घंटी वाजवत पुढं गेला.

घडाआडून बायको म्हणाली, "थांबा, बाबांना फोन लावते. म्हणते, पिकअप पाठवा."