रोशनीला हिंट का लागायची

हसू नका, पण मी मोबाइलवर एक खेळ बनवला होता. खेळात पोरं एका खोलीत अडकलेली. माहितीचा उतारा नीट वाचायचा, त्यातून आकडा शोधायचा, की कुलूप उघडून बाहेर. अडलं तर हिंट मागायची. ती मी स्वतः पाठवायची. आंधळगावच्या शाळेतली माझी अख्खी नववी संध्याकाळी घरून खेळून पटापट सुटायची. रोशनी मात्र प्रत्येक कुलपाला हिंट मागायची. शेवटी शाळेत तिला समोर बसवून नवा उतारा दिला. मिनिटभरात तिने आकडा सांगितला.

मी चिडलेच. "येतं ना सगळं? मग हिंट कायले मागून राहिली?"

"मायबाप तलावावरून मासे धरून येतपर्यंत घरी कोनी नसते, मॅडम. अन् तुमी लगेच उत्तर देता. मले वाटलं, तुमी बी एकल्याच असान."