सुमेधले कवी म्हणाचं नाई

वलगावच्या आपल्या सुमेधले कवी म्हटलं का त्याचं डोक्शंच सरकते, माईत आहे ना? "कवी कायचा बे? रॅपर म्हण!" अमरावतीच्या एका कार्यक्रमात त त्यानं निवेदकाच्या हातचा माइकच हिसकून घेतला होता.

फक्त त्याची माय ऐकत नव्हती. वावरात निंदाले जाताना साऱ्या बायायले सांगे, "माहा पोरगा कवी हाये." हा वरडे, "माय, लाज आणतं तू मले!" माय हासे, अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगे.

मंग माय गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाले सूत्रसंचालन माह्याकडं होतं. त्याची पाळी आली तसा मी लय ध्यान ठेवून बोललो, "आता रॅपर सुमेध आईबद्दल दोन शब्द बोलतील."

तो आला. लिहून आणलेला कागद हातातच ठेवला, अन् माइक हातानं झाकून मले हळूच म्हणते, "आज तरी कवी म्हणाचं होतं ना बे."

मी घाईघाईनं माइक ओढला अन् म्हटलं, "माफ करा, कवी सुमेध..."

त्यानं माहा हातच धरला. डोये भरून आले होते त्याचे.

"तू नको म्हणू," त्यानं म्हटलं. "ते मायच म्हणे."