निळ्या बाटलीचं बूच

तुम्ही हसाल, पण आमच्या सुहासचं काम एका माणसाच्या नाकाने बुडवलं. सुहास वाशीच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचा. टंगस्टन आणि ऑक्सिजनच्या अणूंचे इवलेसे पुंजके पाण्यात विरघळवायचे, थोडं अल्कोहोल घालायचं आणि बाटलीला ऊन दाखवायचं, हा त्याचा नाद. पाण्यासारखं ते द्रावण उन्हात गर्द निळं व्हायचं. हवा लागली की रंग जायचा, ऊन दाखवलं की परत यायचा.

त्याची प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, हे ठरवायला संस्थेचे अध्यक्ष आले. सुहासने निळी बाटली पुढे केली. आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात केमिकल म्हटलं की माणूस आधी वास घेतो. साहेबांनी बूच काढलं, हुंगलं, बाटली हलवली. निळा रंग विरत गेला.

"उडाला की हो रंग, सर!"

"हवा लागली, साहेब. थोडा वेळ उन्हात ठेवू या."

"आमी काय जादूचे खेळ बघायला आलो काय?"

प्रयोगशाळेला टाळं लागलं. मी वर्तमानपत्रात होतो, चिडून बातमी लिहिली; संपादकांनी ती टोपलीत टाकली.

पुढे सुहास वारला. त्याच्या बायकोला, आमच्या वहिनींना भेटायला घरी तेच साहेब आले. कपाटावर सुहासची शेवटची बाटली होती, मेणाने बंद केलेली, अजून निळीशार.

"हे काय?" म्हणत त्यांचा हात बुचाकडे गेला. मी भांडायला उठलोच होतो, पण वहिनींनी आधी बाटली उचलून छातीशी धरली.

"राहू द्या, साहेब. ऊन मीही दाखवीन हो. पण हे ऊन त्यांनी दाखवलेलं आहे."