माझ्या वाटणीची भांडी

आदरणीय अध्यक्षीणबाई, व्यासपीठावर बसलेले आपल्या वसाहतीचे संस्थापक अण्णा, बाहेरून आवर्जून आलेले पाहुणे आणि रोज एकाच स्वयंपाकघरात जेवणाऱ्या माझ्या सगळ्या माणसांनो,

उद्या मी मुलीकडे कायमचा राहायला जातोय, म्हणून तुम्ही हा निरोप देताय. मी दातांचा डॉक्टर. आयुष्यभर लोकांना ‘आ करा’ म्हणत आलो. आज कौतुकाची भाषणं ऐकताना पहिल्यांदाच ‘आता मिटा’ म्हणावंसं वाटलं! अण्णा म्हणाले, ‘डॉक्टरांनी सामायिक कामात कधी कुचराई केली नाही.’ अण्णा, तुमचं मन मोठं आहे. पण हे खरं नाही, आणि हे कौतुक घेऊन मला गाडीत बसवणार नाही.

पाहुण्यांसाठी सांगतो. इथे घरं वेगळी, पण स्वयंपाक एकत्र. त्यामुळे मोठी भांडी घासायची प्रत्येकाची पाळी असते. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. मी दवाखान्यात असायचो आणि माझी पाळी वेळच्या वेळी पार पडायची. कशी पडायची? कधी विचार केला मी? आमची ही गेली, आणि थोड्याच दिवसांत पाळ्यांची वही सांभाळणाऱ्या आपल्या ग्रंथपालबाई दारात उभ्या.

‘डॉक्टर, तुमची पाळी चुकतेय हो.’

‘माझी? छे! आजवर कधी चुकली का?’

त्या जरा घुटमळल्या. ‘वहिनी करायच्या ना दोन्ही.’

तेव्हा तरी मी बाह्या सरसावून मोरीवर जायला हवं होतं की नाही? मी दुखऱ्या गुडघ्याची सबब पुढे केली. मग पाठीची. जसजसा मागे पडत गेलो, तसतसं तिकडे फिरकणं अवघड होत गेलं. जेवायलासुद्धा सगळे उठल्यावर जायचो, चोरासारखा. आमची ही होती तेव्हा घरी बोटांच्या भेगांना मलम चोळत बसायची, ते मी कितीदा पाहिलं होतं. रोग्याच्या हिरडीतली बारीकशी भेग मला दिसायची. तिला मात्र ‘हे कशानं झालं गं?’ एवढंही विचारलं नाही.

आणि मग ती दुपार. माझ्या पाळीची भांडी घासताना ग्रंथपालबाईंचा पाय सटकला, मनगट मोडलं. हे सगळ्यांना माहीत आहे. डॉक्टर तेव्हा दवाखान्यात होते, असंही तुम्ही समजता. मी दवाखान्यात नव्हतो. मोरीला लागूनच असलेल्या माझ्या खोलीत होतो. पातेलं आपटलेलं ऐकलं. ‘अहो डॉक्टर!’ ही हाकही ऐकली. बाहेर गेलो तर ‘घरीच होतात, मग भांडी?’ असं कोणी विचारेल, म्हणून मी आतून कडी लावली. शेवटी बागेतून माळीदादा धावत आले, त्यांनी बाईंना उचललं.

दुसऱ्या दिवशी मी मोरीवर गेलो. बाई गळ्यात हात अडकवून शेजारी येऊन बसल्या. ‘कडेला राहिलंय, डॉक्टर. लोकांना दात घासायला शिकवता ना तुम्ही?’ अशी शिकवणी चालली. त्यांचं मनगट बरं होईपर्यंत मी त्यांचीही पाळी केली. अण्णांनी पाहिलं ते एवढंच.

एकदा मी विचारलं, ‘ही माझ्याबद्दल कधी काही बोलली का?’

बाई म्हणाल्या, ‘एकदाच. म्हणाल्या, सांगितलं तर करतीलही ते. पण सांगायचंसुद्धा मीच का?’

असो. तुम्ही सगळ्यांनी मला जेवू घातलंत, तिच्यामागे सांभाळलंत, त्याबद्दल आभार कोणत्या तोंडानं मानू? शेवटी बोलण्यातल्या उण्याअधिकाबद्दल क्षमा मागायची रीत आहे. मला तेवढ्यावर भागवता येणार नाही. तिच्याकडे मागायची वेळ निघून गेली. ग्रंथपालबाई, तुमच्याकडे मागतो, सर्वांदेखत. त्या दुपारी मी घरातच होतो.

का हो, मान का हलवताय? जरा मोठ्यानं बोला...

माहीत होतं?

माहीत होतं, आणि तरी दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसलात?

मंडळी, माझ्याच्यानं आता पुढे बोलवत नाही. सांभाळून घ्या.