साठच्या काट्यावरची थरथर

ऐका. शेकोटीजवळ सरकून बसा आणि मध्ये कुणी उठू नका. अर्ध्यावर सोडलेली गोष्ट माणसाच्या मागनं घरापर्यंत येते म्हणतात. मी मेस्त्री माणूस. चाळीस वर्षं गाड्यांच्या खाली झोपून काढली. भूतबित मी मानत नव्हतो. नव्हतो म्हणतोय, लक्षात घ्या.

निवास कुंभार नावाचा एक ड्रायव्हर होता. दुधाची पिकअप चालवायचा. वरच्या सहा वाड्यांचं दूध गोळा करायचं आणि रात्री आठच्या आत खाली डेअरीत पोचवायचं. एक दिवस दुपारी गॅरेजला आला. म्हणाला, "चाचा, गाडी थरथरतीया."

"कधी?"

"साठला. पन्नासला काय न्हाई. सत्तरला काय न्हाई. काटा साठवर आला की सुरू."

आता हे काही नवल नाही. गाडीची अशी दुखणी असतात. एका ठराविक वेगालाच बोलतात, बाकीच्या वेळी गप्प. मी पुढची चाकं मागे टाकली, मागची पुढे. चाकांचं बॅलन्सिंग करून आणलं. रिम वाकडी आहे का बघितली. मग डांबरी हायवेला गाडी काढली. साठ, पासष्ट, परत साठ. गाडी लोण्यासारखी. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला असता तरी हलला नसता.

"कुठाय थरथर?" म्हटलं.

निवास खाली बघत म्हणाला, "हितं न्हाई होत, चाचा. तळ्याच्या जुन्या रस्त्याला होती. अंधार पडल्यावर."

मी हसलो. हसलो बरं का. त्यानं शपथ घातली, एकदा सोबत चला. म्हटलं, चल.

त्याच संध्याकाळी निघालो. शेवटच्या वाडीत कॅन चढवले तेव्हा दिवस बुडाला होता. सोळा कॅन, सगळे तोंडापर्यंत भरलेले, दोरानं आवळलेले. दोघंच आम्ही. तो जुना रस्ता तुम्हाला माहीत आहे. चार किलोमीटर सरळ, उजव्या अंगाला तळं, डाव्या अंगाला ओसाड पडलेल्या कामगारांच्या खोल्या. आणि सरळ रस्ता संपला की एकदम उतार, तीन वळणं. त्या उताराबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती, पण ती मी तेव्हा मनात येऊ दिली नाही.

पन्नास. काही नाही. पंचावन्न. काही नाही. साठ.

सुरू झालं.

मी स्टेअरिंगवर हात ठेवला. शांत. म्हणजे पुढची चाकं नव्हेत. पण बूड हलत होतं, पायाखालचा पत्रा हलत होता. थरथर मागनं येत होती. म्हटलं, "निवास, न्यूट्रल कर." त्यानं केलं. इंजिन खाली आलं, थरथर तशीच. म्हणजे इंजिनही नव्हे. राहिलं काय? मागची चाकं, नाही तर प्रोपेलर शाफ्ट. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना नेणारा तो लांब दांडा असतो ना गाडीखाली, तो. मला बरं वाटलं. दुखणं सापडत होतं.

"आता पन्नासवर आण."

आणली. थरथर थांबली.

पण कॅन वाजायला लागले.

ऐका नीट. भरलेला कॅन वाजत नाही. रिकामा वाजतो. आणि हे वाजत होते, खणखण, रिकाम्या भांड्यांसारखे. मी मागच्या काचेतनं बघायला मान वळवली. कॅनवर कुणीतरी बसलं होतं. आमच्याकडे पाठ. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

मी म्हटलं, "निवास, मागं कुणाला घेतलंस?"

"कुणाला न्हाई."

"अरे, बसलाय तिथं."

"बघू नका, चाचा. रोज बसतो."

मी झटकन मान पुढं फिरवली. म्हटलं, "हे सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आला असता का?"

 पोरगं रोज एकटं हे घेऊन उतरत होतं. दोन लेकरं, म्हातारी आई, आणि दुसरा धंदा नाही.

तेवढ्यात टपावर थाप पडली. दोनदा. मागे बसलेला माणूस उतरायचं असलं की मारतो तशी. निवासनं गाडी थांबवली नाही. परत दोन थापा, आता काचेवर. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग थाप आली ती खालनं. माझ्या पायाखालच्या पत्र्यावर. धावत्या गाडीच्या खालनं, दोनदा.

आणि आवाज आला. अगदी साधा, गॅरेजच्या दारात उभं राहून बोलावं तसा.

"मेस्त्री, टायर न्हाई वो."

तो आवाज मी ओळखला.

आता ती गोष्ट सांगतो, जी मी मनात येऊ देत नव्हतो. दोन वर्षांपूर्वी धोंडीराम काटवटे नावाचा ड्रायव्हर माझ्याकडे आला होता. हीच तक्रार. साठला थरथरते. सणाचे दिवस होते, दारात आठ गाड्या उभ्या होत्या. मी टायर बॅलन्स करून दिले आणि म्हटलं, टायर होता, जा. गाडीखाली गेलोच नाही. पाच मिनिटांचं काम होतं. चार दिवसांनी त्याच उतारावर शाफ्ट निखळून रस्त्यात रुतला, गाडी उलटी झाली आणि तळ्यात गेली. गाडी आठ दिवसांनी निघाली. धोंडीराम त्यात नव्हता. तो मिळालाच नाही. आणि मी कुणाला काही बोललो नाही.

"टायर न्हाई वो, मेस्त्री."

निवासनं पाय उचलला. मी बघितलं, पाय उचललेला होता. तरी काटा चढत गेला, पन्नासवरनं साठवर, आणि तिथंच खिळला. थरथर परत आली, आधीपेक्षा मोठी. दात वाजायला लागले. निवासनं ब्रेक दाबला, पाय तळाला टेकला आणि गाडी ओढल्यासारखी पुढेच चालली. समोर उताराची पाटी दिसायला लागली.

निवास रडत होता. मी काय केलं? जे दोन वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. मोठ्यानं बोललो. "धोंडीराम, टायर नव्हता. मी खाली बघितलंच नाही. माझी चूक आहे, या पोराची नाही."

ब्रेक लागला. उताराच्या तोंडाशी गाडी थांबली. मागे बघितलं. कॅनवर कुणी नव्हतं.

शहाणा माणूस तिथनं पळाला असता. पण मला राहवेना. हँडब्रेक ओढला, निवासला चाकाला मोठा धोंडा लावायला सांगितला आणि बॅटरी दातात धरून खाली शिरलो. शाफ्टचे मागचे चार बोल्ट. दोन नव्हतेच. तिसरा बोटानं फिरत होता. त्या उताराच्या पहिल्या वळणालाही आम्ही पोचलो नसतो.

"हा शाफ्ट कुठनं आणलास?" मी खालनंच विचारलं.

"भंगारातनं," निवास पुढनं म्हणाला. "तळ्यातनं काढलेल्या गाडीचा हाय, भंगारवाला म्हणला."

मी पाना लावला. आणि बॅटरीच्या उजेडात मला मागच्या चाकाजवळ दोन पाय दिसले. अनवाणी. ओले. पाणी गळून खाली डबकं झालेलं. निवास पुढं होता, त्याच्या पायात बूट होते.

ते पाय हलले नाहीत. माझं काम बघत उभे असल्यासारखे. मी तिसरा बोल्ट आवळला, मग चौथा. मग ते पाय चाकाच्या आड गेले. आणि धोंडा घासल्याचा आवाज आला.

गाडी हलली.

मी लोळण घेतली. चाक माझ्या सदऱ्याच्या बाहीवरनं गेलं, बाही फाटून तिथंच राहिली. हात वाचला, एवढंच. गाडी दिवे लावलेली तशीच उतारावरनं गेली, पहिल्या वळणाला कठडा तोडला आणि खाली पाण्यात आवाज झाला. सहा वाड्यांचं दूध तळ्यावर पांढरं पांढरं पसरत गेलं. आम्ही दोघं रस्त्यात बसून ते बघत होतो.  मग आलो त्या वाटेनं हातात हात धरून चालत माघारी, आणि पहाटेपर्यंत एकदाही मागे बघितलं नाही.

त्याला मी हवा होतो, की तो शाफ्ट परत पाण्यात न्यायचा होता? माहीत नाही. बोल्ट आवळेपर्यंत का थांबला, तेही माहीत नाही. निवासनं पुढे डेअरीतच कॅन धुवायचं काम धरलं. गाडीला त्यानं परत हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मी धोंडीरामच्या घरी गेलो. त्याची बायको चंद्राबाई जात्याजवळ डाळ पाखडत होती. मी उंबऱ्यातच बसून सगळं सांगितलं. तिनं पाखडणं थांबवलं नाही. शेवटी म्हणाली, "मी त्यांस्नी म्हणले हुते, दुसऱ्याला दावा. तर म्हणले, मुलाणी मेस्त्री टायर म्हणलाय म्हंजी टायरच असणार."

एवढंच बोलली. मला पाणी दिलं. ते मी प्यालो कसं, माझं मला ठाऊक.

तर पोरांनो, तळ्याच्या रस्त्यानं दिवस बुडाल्यावर जाऊ नका. हायवेनं नऊ किलोमीटर जास्त पडतं, पडू द्या. मी मेलो तरी माझी मयतसुद्धा त्या वाटेनं नेऊ नका, असं घरात सांगून ठेवलंय. तिथं कुणीतरी अजून उत्तराची वाट बघतोय, आणि मी त्याला फक्त अर्धं दिलंय: चूक माझी एवढं कबूल केलं, खाली का बघितलं नाही ते अजून सांगितलेलं नाही.